वर्ग चौथा : बेरीचा जॅम

एकोणतीस वर्षं मी या प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या लिहितो.
स्ट्रॅथमोरच्या खोऱ्यात, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी,
गावच्या हॉलमध्ये, जिथे एरवी बॅडमिंटन चालतं.
निवृत्त पोस्टमन मी. अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडे.

यंदा परीक्षक नवी. टॅम्सिन बुलिमोर,
वनस्पतिशास्त्राची, डंडीहून आलेली,
बुटांना चिखल, खिशात भिंग.
चमचा लावण्याआधीच तिने विचारलं,
"यात बेरी कुठली आहे?"

टेबलावर बावीस बरण्या, चौदा स्ट्रॉबेरीच्या.
हेक्टर मिकल, सलग सात वर्षांचा विजेता, हसला.
ती हसली नाही.
"स्ट्रॉबेरी म्हणजे फुलाचं आसन, फुगलेलं.
पाहुण्यापेक्षा त्याला दिलेली गादीच गोड निघाली, एवढंच.
फळं म्हणाल तर अंगावरचे हे पिवळे दाणे,
दाणा दाणा एक फळ, फळागणिक एक बी."

"आणि रास्पबेरी?" कुणीतरी भीत भीत विचारलं.
"इवल्या इवल्या आलुबुखारांची मोट बांधलीय. बेरी नव्हे."
बिचारी, मी मनात म्हटलं.
हिच्या स्पेलिंगमधला 'पी' आधीच कुणी उच्चारत नाही,
आता मागची बेरीही गेली.

"मग बेरी कोण?"
केळं, ती म्हणाली. टोमॅटो. वांगं. मिरची.
हॉल गप्प झाला,
पावतीच्या इंग्रजी शब्दातल्या 'पी'सारखा.
"वांग्याचा जॅम!" हेक्टरची बहीण पुटपुटली,
चर्चमध्ये कुणी शिट्टी मारावी तशा तोंडाने.

मला मात्र मजा येऊ लागली.
चिठ्ठ्या लिहिणाऱ्याला ठाऊक असतं
नाव आणि माल यांच्यातला डिंक किती पातळ.
कर्जाच्या शब्दात विद्वानांनी एक 'बी' पेरली,
लॅटिन पणजोबांची आठवण म्हणून.
शतकं उलटली, ती काही उगवली नाही.
कर्ज तेवढं वाढतं.
बेटाच्या शब्दात एक 'एस' चुकून वाहत आला
आणि तिथेच राहिला, बोटीची वाट बघत.
रांगेचा शब्द तर बघा:
पुढे 'क्यू' एकटाच बोलतो,
मागे चार स्वर तोंड मिटून उभे,
पोस्टात पेन्शनच्या दिवशी माझ्या खिडकीपुढे
उभी राहायची तशी मंडळी.

शेवटी कोपऱ्यातली बरणी. हिरवट, जरा पातळ.
एफी डूथी, वय एक्याऐंशी. गूझबेरी.
आजवर हिचा नंबर कायम खालून पहिला.
टॅम्सिनने चमचा चाटला, मग पुन्हा चाटला.
"ही बेरी. वादच नाही."
"आणि नावात हंस आहे तो?" एफीने विचारलं.
"तो कुठून शिरला,
कुणालाच धड सांगता येत नाही."
"मला वाटलंच," एफी म्हणाली,
आणि पहिल्या नंबरची निळी फीत पर्समध्ये टाकून
चहाच्या टेबलाकडे गेली.

निघताना टॅम्सिनने माझ्या छातीवरचा बिल्ला वाचला.
"आभारी आहे, मिस्टर मेंझीस."
आमच्याकडे ते मिंगिस म्हणतात.
जुन्या लिपीत एक अक्षर होतं,
छापखान्यात त्याचा खिळा नव्हता,
चेहरा जुळतो म्हणून 'झेड' आणून बसवला.
तेव्हापासून आम्ही एक लिहितो नि दुसरं ऐकतो.
सकाळपासून सगळ्या फळांना खऱ्या नावाने हाक मारणारी ही,
आणि मला नेमकं चुकीच्या.
मी काही बोललो नाही.

आभाराचं पत्र कुठे धाडू, म्हणून मूळ गाव विचारलं.
"आईकडेच धाडा. विंडम."
ऐकलं तसं लिहून घेतलं.
तिने वाकून पाहिलं, ओठ जरा हलले,
पण तीही काही बोलली नाही.
घरी नकाशात शोधलं तेव्हा कळलं,
त्या नावाच्या पोटात
केवढी अक्षरं झोपली आहेत.

बाहेर हेक्टर गाडीत बरण्या भरत होता, मान खाली.
तिने त्याच्याकडून एक विकत घेतली,
तिथेच झाकण उघडून बोट बुडवलं.
"गादी," ती म्हणाली, "फार सुरेख झालीय."